तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला दिवा बंद आहे?

प्रश्न साधारण असा येतो: "शॉर्टफिल्म केली. रंग काढून टाकले, कॉन्ट्रास्ट चढवला, हिरोच्या हातात सिगारेट दिली, सगळं शूटिंग रात्री केलं. तरी फिल्म न्वार वाटत नाही, नुसतं काळपट दिसतं. चुकतंय कुठे?" विचारणारा शूटिंग करणारा नसून नुसता बघणारा असेल, तर तो विचारतो, "जुना काळा-पांढरा गुन्हेपट म्हणजे न्वारच ना?" दोघांच्या शंकेचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

आधी नावाचं थोडक्यात उरकू. कोणी नॉयर म्हणतं, कोणी न्वार. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ काळा. गंमत अशी की हॉलिवूडमध्ये ज्यांनी हे काळोखे सिनेमे काढले, त्यांना आपण फिल्म न्वार काढतोय हे ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी तो गुन्हेपट होता किंवा मेलोड्रामा. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद होतं. युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’ असे तुंबलेले सिनेमे पॅरिसला गठ्ठ्यानेच लागले. लागोपाठ पाहिल्यावर त्यांच्यातलं साम्य डोळ्यांत भरलं आणि नीनो फ्रांक या समीक्षकाने त्यांना हे नाव दिलं. पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाची ‘सेरी न्वार’ ही गुन्हेकथांची माला 1945 पासून निघतच होती, त्यामुळे शब्द हवेत होताच. अभिजात न्वारचा काळ ढोबळमानाने 1941 च्या ‘माल्टीज फाल्कन’पासून 1958 च्या ‘टच ऑफ इव्हिल’पर्यंत धरतात.

आता मुद्द्यावर येऊ. न्वार ओळखायला मी दोन प्रश्न वापरतो. कुठला दिवा बंद आहे? आणि गोष्ट कोण सांगतंय, कधी सांगतंय?

दिव्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. त्या काळच्या स्टुडिओत चेहऱ्यावर साधारण तीन दिवे असत. मुख्य दिवा, म्हणजे की लाइट, चेहऱ्याची एक बाजू उजळतो. फिल लाइट दुसऱ्या बाजूची सावली भरून काढतो. बॅक लाइट मागून केसांना आणि खांद्यांना कड देतो, म्हणजे माणूस भिंतीपासून सुटा दिसतो. विनोदी किंवा संगीतप्रधान सिनेमात उजळ बाजू काळोख्या बाजूच्या दुप्पट-तिप्पट उजळ असायची. न्वारच्या कॅमेरामनने फिल जवळजवळ काढून टाकला. प्रमाण 8:1 झालं, कधी त्याच्याही पुढे गेलं. 8:1 म्हणजे दोन बाजूंत तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). कॅमेऱ्याच्या स्पॉट मीटरने गालाची उजळ बाजू मोजा, मग काळोखी बाजू मोजा. फरक तीन स्टॉपच्या खाली असेल तर तुम्ही अजून कौटुंबिक मालिकेच्याच प्रकाशात आहात.

आता नीट बघा, बंद झाला तो फक्त फिल. मुख्य दिवा पूर्ण ताकदीने चालू आहे आणि एक्स्पोजर त्या उजळ बाजूला धरून बरोबर दिलेलं आहे. इथेच बहुतेकांची गाडी घसरते. ‘अंधार हवा’ म्हणून ते सगळंच एक्स्पोजर खाली ओढतात. मग पांढरं करडं होतं, काळं तिथेच राहतं आणि पडद्यावर चिखल दिसतो. काळं काळं वाटायला फ्रेममध्ये कुठेतरी पांढरंशुभ्र काहीतरी लागतं. शर्टाची कॉलर, टेबलावरचा दिवा, ओल्या रस्त्यावरची चमक, काहीही चालेल. फ्रेमचा वीसावा भाग झाला तरी पुरतो, पण तो हवा. नंतर कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट चढवून हे येत नाही, कारण सपाट प्रकाशात चेहऱ्याच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्याच उजळ असतात. कॉन्ट्रास्ट त्यांना एकमेकींपासून वेगळं करत नाही. नुसते केस आणि भुवया काळ्याकुट्ट करतो.

दुसरा शत्रू आपल्या घरांतच आहे: पांढरा डिस्टेंपर. दहा बाय बाराच्या खोलीत एकच दिवा लावला तरी चारही भिंती आणि छत तो प्रकाश परत फेकतात. फिल तुम्ही लावलेला नसतो, तो भिंतींनी लावलेला असतो. हॉलिवूडचे सेट बहुधा बिनछताचे असत, समोरची भिंत नसे, आणि सेटच्या भिंतींचा रंग कॅमेऱ्याला काय दिसेल ते पाहून ठरवलेला असे. आपल्याला भिंती पाडता येत नाहीत, म्हणून काळोख्या बाजूला, फ्रेमच्या लगेच बाहेर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर काळं कापड धरायचं. सॅटिन किंवा टेरिकॉट नको, ते चमकतं. काळी घोंगडी उत्तम. लोकर प्रकाश पिऊन टाकते. मोठ्या युनिटवर हेच काम कटर, म्हणजे प्रकाश अडवणारे काळे फलक, करतात. घोंगडी धरून परत मोजा, एखादा स्टॉप तरी खाली आलेला दिसेल.

आणि बॅक लाइट? तो मात्र काढू नका. काळ्या-पांढऱ्यात लाल साडी आणि हिरवा पडदा एकाच करड्या छटेचे होऊ शकतात. काळे केस काळ्या भिंतीत विरघळतात. रंग गेल्यावर वस्तू एकमेकींपासून वेगळ्या दाखवायचं काम प्रकाशालाच करावं लागतं. न्वारमध्ये चेहरा अर्धा बुडलेला असतो, पण हॅटच्या कडेवर आणि खांद्यावर ती बारीक रेघ बहुतेक वेळा असतेच. जॉन आल्टन हा या कलेतला बडा माणूस. हंगेरीत जन्मलेला, ‘टी-मेन’ (1947) आणि ‘रॉ डील’ (1948) चा कॅमेरामन, आणि 1949 मध्ये प्रकाशयोजनेवर पुस्तकच लिहिणारा. त्याच्या ‘द बिग कॉम्बो’ (1955) चा शेवट पाहा. विमानतळावरचा हँगर, धुकं, मागून येणारा प्रकाश, आणि त्यात पुरुष आणि बाई अशा दोन काळ्या आकृत्या. चेहरे दिसतच नाहीत, तरी दोघं काय विचार करतायत ते कळतं.

आता व्हेनेशियन ब्लाइंड्स, म्हणजे खिडकीचे आडव्या पट्ट्यांचे पडदे. या पट्ट्यांची सावली हवी असते सगळ्यांना, आणि पडत नाही ती बहुतेकांची. कारण भूमितीचं आहे. सावलीच्या कडेला जी धूसर पट्टी येते, तिची रुंदी म्हणजे दिव्याच्या तोंडाची रुंदी गुणिले पट्ट्यांपासून भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले दिव्यापासून पट्ट्यांपर्यंतचं अंतर. समजा दिव्याचं तोंड 25 सेंमी, दिवा पट्ट्यांपासून 2 मीटरवर, भिंत पलीकडे 1 मीटरवर. धूसर पट्टी आली साडेबारा सेंमी. ब्लाइंडची एक पट्टी जेमतेम 5 सेंमीची, म्हणजे नक्षी पुसलीच गेली. तोच दिवा मागे नेऊन पट्ट्यांपासून 5 मीटरवर ठेवा, तोंडावर काळा फॉइल लावून 8 सेंमीचं भोक ठेवा: धूसर पट्टी 1.6 सेंमी, सावली स्वच्छ. म्हणजे दिवा लहान, लांब आणि कडक हवा, पट्ट्या भिंतीच्या जवळ हव्यात. एलईडी पॅनल किंवा सॉफ्टबॉक्सने हे जन्मात होणार नाही. त्यांचं कामच सावली मऊ करणं. भोक लहान केलं, दिवा मागे नेला की प्रकाश फार कमी होतो, म्हणून दिवा ताकदीचा लागतो. अंधारी दृश्यं स्वस्तात होतात हा भ्रम इथे फिटतो. आणखी एक: पट्ट्यांचा तिरपेपणा दिव्याच्या किरणांशी समांतर ठेवा, नाहीतर प्रकाश आत येतच नाही आणि लोक ब्लाइंडला दोष देतात.

‘डबल इन्डेम्निटी’ (1944) मध्ये कॅमेरामन जॉन सायट्झने याच्यावर एक कडी केली. पट्ट्यांमधून आलेल्या उन्हात धूळ तरंगताना दिसावी म्हणून हवेत ॲल्युमिनियमचे बारीक कण सोडले. घर श्रीमंताचं आहे, पण कुणी झाडलोट मनापासून करत नाही, हे त्या धुळीने सांगितलं. तुम्ही ॲल्युमिनियमच्या वाटेला जाऊ नका, फुप्फुसं एकदाच मिळतात. थोडा धूर करा, पंखे बंद ठेवा, तो खोलीभर सारखा पसरेपर्यंत थांबा. जास्त झाला तर सगळ्या काळ्यावर करडा पडदा चढतो. धूर, पाऊस, ओला रस्ता या तिन्ही गोष्टी मागून किंवा तिरक्या मागून उजळल्या तरच दिसतात. समोरून दिवा टाकलात तर पाणी वाया. कोरडं डांबर प्रकाश गिळतं. ओलं डांबर आरशासारखं वागतं, पण दिवा कॅमेऱ्याच्या समोरच्या टोकाला, खाली असेल तेव्हाच. अख्खी गल्ली भिजवू नका, कॅमेरा आणि दिवा यांच्या मधला पट्टा पुरतो. तोही प्रत्येक टेकच्या आधी पुन्हा भिजवा, कारण अर्धवट वाळलेला रस्ता ठिपक्याठिपक्यांचा दिसतो आणि दोन शॉट जुळत नाहीत.

तिरक्या फ्रेमबद्दल एवढंच, की जरा हात आखडता घ्या. व्हिएन्नातल्या ‘द थर्ड मॅन’ (1949) मध्ये, जो ब्रिटिश सिनेमा आहे, कॅमेरा इतका कलता आहे की हॉलिवूडचा दिग्दर्शक विल्यम वायलर याने या सिनेमाच्या दिग्दर्शकाला, कॅरल रीडला, गवंडी वापरतात तसली पाणसळ भेट दिली, असा किस्सा सांगतात.

हा अंधार आला कुठून? सगळे सांगतात ते खरं आहे: फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर, एडगर उल्मर ही दिग्दर्शक मंडळी बर्लिन-व्हिएन्नाकडून हिटलरच्या काळात किंवा त्याआधी निघालेली, जर्मन सिनेमातल्या सावल्या त्यांच्या हातात होत्या. पण पैशाचं कारण तितकंच मोठं, आणि ते कमी सांगितलं जातं. 1942 मध्ये अमेरिकेच्या युद्ध-उत्पादन मंडळाने एका सिनेमाच्या सेटसाठी नव्या सामानावर 5,000 डॉलरची मर्यादा घातली. सेट जुनाच वापरायचा असेल तर त्याचा अर्धा भाग न दाखवणं शहाणपणाचं. उल्मरच्या ‘डीटूर’ (1945) मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे दाट धुकं, एक दिव्याचा खांब आणि पाट्या. रस्ता बांधायला पैसे नव्हते. त्याच सिनेमात काही शॉट निगेटिव्ह उलटी करून वापरलेत, त्यामुळे अमेरिकेत मोटारी अचानक आपल्यासारख्या डावीकडून धावतात. बारकाईने बघितलं तर नायक लिफ्ट घेताना चालकाच्या बाजूने गाडीत चढतो!

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि माझ्या मते हा जास्त महत्त्वाचा. प्रकाश नुसता बाहेरचा पोशाख राहतो, जर गोष्ट त्याच जातीची नसेल.

1934 पासून हॉलिवूडमध्ये प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याची नियमावली, काटेकोरपणे लागू झाला होता, आणि तो राबवणारा जोसेफ ब्रीन. नियम असा की गुन्हा करून कोणी सुटता कामा नये. ‘डबल इन्डेम्निटी’ची मूळ कथा तर 1930 च्या दशकातच स्टुडिओंपर्यंत पोचली होती, पण ब्रीनच्या कचेरीने नकार दिला आणि ती काही वर्षं पडून राहिली. आता विचार करा: प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत आहे की खुनी पकडला जाणार. मग ‘पकडला जाईल का?’ हा प्रश्नच मेला. न्वारवाल्यांनी काय केलं, शेवट उचलून सुरुवातीला ठेवला. ‘डबल इन्डेम्निटी’ उघडतो तेव्हा विमा एजंट वॉल्टर नेफ खांद्यात गोळी घेऊन रात्री कचेरीत येतो आणि डिक्टाफोनवर वरिष्ठाला निवेदन सांगायला लागतो: खून मी केला, पैशासाठी आणि बाईसाठी, आणि दोन्ही मिळाले नाहीत. ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (1950) चा निवेदक पोहण्याच्या तलावात मरून तरंगतोय. ‘डी.ओ.ए.’ (1950) मध्ये एक माणूस पोलीस ठाण्यात खुनाची तक्रार द्यायला येतो. खून कोणाचा, तर त्याचा स्वतःचा. त्याला विष दिलं गेलंय. गुन्हा काय म्हणाल, तर त्याने एका विक्रीच्या कागदावर नोटरी म्हणून शिक्का मारला होता.

म्हणून न्वारमधलं फ्लॅशबॅक आणि निवेदन हे सजावटीचं नसतं. जे झालं ते झालं, आता फक्त कसं झालं ते ऐका, असा त्याचा सूर. अर्नाळकरांचा झुंझार किंवा धनंजय संकटात सापडला की आपल्याला ठाऊक असतं, गडी सुटणार. न्वारचा नायक पहिल्याच रीळात बुडालेला असतो. गुप्तहेर असलाच तर तोही धुतल्या तांदळाचा नसतो. शॉर्टफिल्म लिहिणाऱ्यांची चूक इथे होते: निवेदन घालतात, पण ते वर्तमानकाळात. "मी जिना चढतोय. कोणीतरी वर आहे." जे डोळ्यांना दिसतंय तेच कानाला सांगितलं, कामाचं काहीच झालं नाही. निवेदकाला शेवट माहीत हवा आणि चित्रातल्या माणसाला तो माहीत नसावा. ताण त्या दोघांच्या मधल्या फटीतून येतो. लिहिताना निवेदकाचं शेवटचं वाक्य आधी लिहा, तो कुठे बसून बोलतोय आणि कोणाशी बोलतोय ते ठरवा, मग मागे या.

हे लक्षात घेतलं की ‘फाम फताल’, म्हणजे पुरुषाला बुडवणारी बाई, हिच्याकडेही नीट बघता येतं. युद्धात बायका कारखान्यांत गेल्या, शिपाई परतले तेव्हा घर बदललं होतं, त्या भीतीतून ही बाई आली असं म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण मला त्याहून साधी गोष्ट दिसते: तिची गोष्ट सांगतो कोण? पकडला गेलेला पुरुष. ‘आउट ऑफ द पास्ट’ (1947) मध्ये अकापुल्कोच्या कडक उन्हातून कॅथी अंधाऱ्या कॅफेत येते, ती नायकाच्या आठवणीतून येते. तो हे सगळं दुसऱ्या एका मुलीला रात्री गाडी चालवताना सांगतोय. आरोपीने दिलेली साक्ष जशी ऐकावी तशी ती ऐकायची. कॅथीने काही कमी उद्योग केलेले नाहीत, ते पुढे दिसतंच. पण फक्त लिपस्टिक आणि पिस्तूल देऊन फाम फताल होत नाही. तिला स्वतःचं कारण लागतं, आणि ते निवेदकाला पुरतं कळलेलं नसावं लागतं.

अंधाराचा आग्रह धरणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं ठेवतो. ‘डबल इन्डेम्निटी’तले दोघं खुनाचं ठरवायला भेटतात ते सुपरमार्केटमध्ये, लख्ख प्रकाशात, डब्यांच्या रांगांमध्ये. एकमेकांकडे न बघता बोलतात, मध्ये कोणी गिऱ्हाईक आलं की गप्प होतात. एकही तिरपी सावली नाही, तरी सिनेमातलं ते फार गुदमरवणारं दृश्य आहे. आणि ‘लीव्ह हर टू हेवन’ (1945) तर टेक्निकलरमध्ये, म्हणजे चक्क रंगीत, आहे. छायालेखक लिऑन शॅमरॉयला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. निळं तळं, भरदिवस, होडीत गॉगल लावून बसलेली बाई, आणि पाण्यात बुडणारा मुलगा. ती हलत नाही. न्वारचा दिवा इथे गॉगलने बंद केलाय.

मग आपल्याकडे? मुंबईचा धागा खरा आहे. बॉम्बे टॉकीजचा जर्मन कॅमेरामन योसेफ विर्शिंग म्युनिकहून मालाडला आला होता, आणि 1949 च्या ‘महल’मधल्या सावल्या त्याच्याच. गुरुदत्तचा ‘बाजी’ (1951), राज खोसलाचा ‘सीआयडी’ (1956) यांत क्लब, जुगार, हॅट, धूर सगळं आहे. पण दुसरा प्रश्न विचारला की फरक कळतो. ‘बाजी’त गीता बालीची क्लबमधली नर्तकी गोळी झेलते, आणि देव आनंद अखेर नायिकेकडे परततो. बुडवणारी आणि तारणारी बाई आपण दोन नट्यांत वाटून दिली, नायकाला परतीचं दार ठेवलं. त्याहून आधीचा, 1939 चा प्रभातचा ‘माणूस’ मला न्वारच्या जास्त जवळ वाटतो: पोलीस शिपाई गणपत, वेश्या मैना, रात्रीची गल्ली, आणि मैनेला तिचा भूतकाळ सोडत नाही. पण शांतारामबापूंनी गणपतला जगण्याकडे परत वळवलं. अमेरिकन न्वारने बहुधा हे केलं नसतं.

तर शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी एक करून बघा. ‘डबल इन्डेम्निटी’ आधी आवाज बंद करून पाहा, फक्त दिवे मोजा. मग चित्र झाकून नुसता ऐका. दोन्ही वेळा शेवटच्या पाच मिनिटांत थांबा. दिग्दर्शक बिली वाइल्डरने नेफला गॅस चेंबरमध्ये मारल्याचं दृश्य चित्रित केलं होतं आणि नंतर काढून टाकलं. सिनेमाभर वरिष्ठ कीजकडे सिगारसाठी काडी नसते, आणि नेफ अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून त्याला देतो. शेवटी नेफ कचेरीच्या दाराशी पडलाय, सिगारेट ओठांत आहे, हात उचलत नाही. कीज वाकतो, त्याच्या हातातली काडी घेतो आणि पेटवतो.